सुटलेल्या माणसाचा हिशेब

सरकार एखाद्या संस्थेला पैसे देतं ते कशाचे? केलेल्या कामाचे, की त्या कामातून निघालेल्या निकालाचे? रस्त्याच्या कंत्राटात हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. खडी-डांबर किती पडलं ते मोजता येतं, आणि पहिल्याच पावसात रस्ता उखडला तर बिल अडवता येतं, निदान कागदावर तरी. पण काम माणसाचं असेल तर? तुरुंगातून सुटलेला, किंवा तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेला माणूस वर्षभरात पुन्हा गुन्ह्यात सापडला नाही, तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थेला पैसे जास्त. सापडला तर कमी. ‘निकालानुसार मोबदला’ असं या पद्धतीला म्हणता येईल. ऐकताना त्यात खोट काढायला जागा दिसत नाही. पैसा जनतेचा आहे, मग निकाल नसेल तर तो द्यायचा कशाला?

मला या पद्धतीबद्दल मुळातून तक्रार नाही. सरकारी अनुदानावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या आणि कुणालाच जाब न देणाऱ्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की पैसा निकालाला बांधायचाच असेल, तर तो कुणाच्या वागण्याला बांधला यावर पुढचं सगळं ठरतं. सुटलेल्या माणसाच्या वागण्याला, की त्याला पुन्हा आत पाठवायचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांच्या वागण्याला? इंग्लंडने पहिली वाट धरली, कॅलिफोर्नियाने दुसरी. दोन्ही वाटा कुठे गेल्या ते आता दिसतं आहे.

आपल्या मासिकात हा विषय कशाला, असं एखाद्या वाचकाला वाटेल. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांचं प्रमाण ११.५४ टक्के आहे. तुरुंगातलं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्यातल्या तुरुंगांत जाऊन मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. २०१३मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त तो आला. चहाच्या टपरीवर जे चित्र रंगवलं जातं त्याच्याशी त्यातलं चित्र जुळत नाही. आत असलेले बहुसंख्य लोक गरीब, कमी शिकलेले, हातावर पोट असलेले. टोळ्यांशी किंवा दहशतवादाशी संबंध नसलेले. इंग्लंडमध्येही हेच. डेव्हिड लॅमी यांच्या २०१७च्या अहवालानुसार तिथल्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे ५ टक्के होते, आणि तुरुंगात १५ टक्के. तेव्हा तुरुंगाबाहेरच्या सुधारणेचा पैसा कसा वाटला जातो, या प्रश्नाची झळ आपल्या मोहल्ल्यांना इतरांपेक्षा जास्तच लागणार.

आधी इंग्लंड. तिथे प्रोबेशन, म्हणजे आपल्या सरकारी मराठीतली ‘परिवीक्षा’, १९०७च्या कायद्याने सुरू झाली. प्रोबेशन अधिकाऱ्याने काय करायचं हे त्या कायद्यात तीन क्रियापदांत सांगितलं होतं: सल्ला द्यायचा, मदत करायची, मैत्री करायची. फौजदारी कायद्यात मैत्री हा शब्द यावा याचं मला आजही नवल वाटतं. पुढच्या शंभर वर्षांत त्यात बरंच पाणी मिसळलं, पण काम सरकारी आणि स्थानिकच राहिलं.

२०१०च्या सप्टेंबरात पीटरबरो शहरातल्या तुरुंगात एक प्रयोग सुरू झाला. बारा महिन्यांहून कमी शिक्षा भोगून सुटणारे पुरुष, म्हणजे किरकोळ चोऱ्या, नशा, मारामाऱ्या यांपायी सतत आत-बाहेर करणारी मंडळी. सुटल्यानंतर त्यांच्यावर कायद्याने ना देखरेख होती ना मदत. खिशात ४६ पौंड टाकायचे आणि दार उघडायचं. ‘सोशल फायनान्स’ या संस्थेने सतरा गुंतवणूकदारांकडून ५० लाख पौंड उभे केले. त्यातून सेंट जाइल्स ट्रस्टसारख्या संस्थांची माणसं कैद्यांना आतच भेटू लागली आणि सुटकेच्या दिवशी दारात उभी राहू लागली. रात्री झोपायला जागा, व्यसनावर उपचार, बँकेचं खातं, डॉक्टरकडे नाव नोंदवणं अशी बारीकसारीक कामं. पुनर्गुन्हे ठरल्याइतके घटले तर गुंतवणूकदारांना मुद्दल आणि वर परतावा मिळणार होता. नाहीतर पैसे बुडाले.

२०१७मध्ये हिशेब पूर्ण झाला. देशभरातल्या तशाच कैद्यांशी तुलना करता पुनर्गुन्हे ९ टक्क्यांनी कमी भरले. साडेसात टक्के पुरेसे होते. गुंतवणूकदारांना मुद्दल मिळालं, वर वर्षाला सुमारे ३ टक्के परतावा.

या प्रयोगाची जगभर वाहवा झाली, पण त्याच्या रचनेत दडलेल्या गोष्टींकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मोजणीत सुटलेला प्रत्येक माणूस धरला होता. जो मदत घ्यायला आला तोही, आणि ज्याने पाठ फिरवली तोही. त्यामुळे सोपी माणसं निवडून आकडा सजवायची सोयच नव्हती. दुसरं म्हणजे मोजले ते एकूण गुन्हे. रोज दुकानातून चोरी करणारा माणूस महिन्यातून एकदा करू लागला, तर तीही प्रगती धरली जात होती. शिवाय जोखीम पैसेवाल्यांनी उचलली होती. रस्त्यावर काम करणाऱ्या संस्थेला पगाराचे पैसे आधीच मिळत होते, निकाल लागेपर्यंत तिला उपाशी राहावं लागत नव्हतं. आणि मदत घेणं ऐच्छिक होतं. कार्यकर्त्याला भेटायला गेलं नाही म्हणून कुणाला परत तुरुंगात टाकत नव्हते.

निकाल येईपर्यंत थांबायला मात्र सरकारला सवड नव्हती. २०१२मध्ये न्यायमंत्री झालेले ख्रिस ग्रेलिंग यांनी प्रोबेशनची अख्खी व्यवस्थाच बदलायला घेतली. २०१४च्या जूनमध्ये ३५ स्थानिक प्रोबेशन ट्रस्ट मोडीत निघाले. जास्त धोक्याचे गुन्हेगार नव्या राष्ट्रीय सेवेकडे गेले. कमी आणि मध्यम धोक्याच्यांसाठी २१ ‘सामुदायिक पुनर्वसन कंपन्या’ काढल्या, आणि २०१५च्या फेब्रुवारीत त्यांची मालकी बहुतेक ठिकाणी खासगी कंत्राटदारांच्या हाती गेली. एकाच माणसाच्या फायलीचे असे दोन मालक झाले. पीटरबरोच्या प्रयोगाचा तिसरा टप्पा या गडबडीत गुंडाळला गेला. ज्या प्रयोगाचं नाव घेऊन हे सगळं केलं, तोच अर्धवट सोडला.

कंपन्यांचं बहुतेक उत्पन्न हाताखाली किती माणसं आली यावर होतं, आणि त्यावर पुनर्गुन्हे घटले तर बक्षीस, वाढले तर कपात. माणसं किती येतील याचा सरकारने बांधलेला अंदाज साफ चुकला. कंपन्यांकडे कमी माणसं आली, कार्यालयांचा खर्च होता तेवढाच राहिला. पुनर्गुन्ह्यांचा आकडा तर हातात यायलाच दीड-दोन वर्षं लागतात. आधी एक वर्ष वाट पाहायची, मग न्यायालयांचे निकाल लागेपर्यंत थांबायचं. आज पगार द्यायचा आहे आणि बक्षीस दोन वर्षांनी मिळालं तर मिळणार आहे, अशा वेळी कंपनी काय करणार? माणसं कमी करणार. तेच झालं. एकेका कर्मचाऱ्याच्या गळ्यात पेलवणार नाहीत इतक्या केसेस पडल्या. काही ठिकाणी देखरेख म्हणजे सहा आठवड्यांतून एकदा फोन, असं प्रोबेशनच्या सरकारी निरीक्षकांना २०१७मध्ये आढळलं. फोनवर ‘सब ठीक?’ विचारायचं, ‘ठीक’ ऐकायचं आणि रकान्यात खूण करायची. कैद्यांना सुटण्याआधी घर-कामाची वाट दाखवणारी जी योजना होती, ती उद्या बंद केली तरी फारसा फरक पडणार नाही, असं त्याच वर्षीच्या एका संयुक्त तपासणी अहवालात लिहिलं आहे. सरकारी अहवालात इतकी सडेतोड वाक्यं क्वचित वाचायला मिळतात.

आता निकालाचे आकडे. तिथल्या महालेखापरीक्षकांचं कार्यालय म्हणजे नॅशनल ऑडिट ऑफिस. त्याच्या मार्च २०१९च्या अहवालानुसार २०११ ते २०१७ या काळात पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण अडीच टक्के-अंकांनी घटलं. पण जे पुन्हा सापडले, त्यांच्या प्रत्येकी गुन्ह्यांची सरासरी २२ टक्क्यांनी वाढली. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ‘वर्षभरात एकदाही सापडला नाही’ हे मोजायचं ठरलं, की एकदा सापडलेला माणूस त्या मोजणीतून बाद होतो. त्याच्यावर वेळ घालवून ती बाजू सुधारत नाही. कंत्राटात गुन्ह्यांची संख्याही मोजायची तरतूद होती, हे खरं. पण तोवर कंपन्यांकडे खर्च करायला काही उरलं नव्हतं. ज्या माणसाला सर्वांत जास्त हात हवा होता, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

आणखी एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत जास्त टोचते. बारा महिन्यांखालच्या शिक्षेवाल्यांनाही सुटल्यावर वर्षभर देखरेख लागू झाली. हेतू चांगला होता. पीटरबरोत जी मदत ऐच्छिक होती ती आता सगळ्यांना मिळेल, असं सांगितलं गेलं. पण कायद्याने बांधलेली देखरेख म्हणजे अटी आल्या, आणि अट मोडली की परत तुरुंग. भेटीची वेळ चुकली, पत्ता बदलला, की परत पाठवायचं कारण तयार. जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात अटी मोडल्याबद्दल परत आत गेलेल्यांची संख्या जवळपास निम्म्याने वाढली. मदत पातळ झाली आणि फास तेवढा घट्ट झाला.

शेवटही ठरलेलाच होता. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधलं काम पाहणारी ‘वर्किंग लिंक्स’ ही कंपनी फेब्रुवारी २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली. सरकारला मूळ करारापेक्षा किमान ४६ कोटी ७० लाख पौंड जास्त मोजावे लागणार, असं लेखापरीक्षकांनी सांगितलं. ही रचना दुरुस्तीच्या पलीकडे सदोष आहे, असा निर्वाळा मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी दिला, आणि जून २०२१मध्ये सगळं प्रोबेशन पुन्हा सरकारच्या ताब्यात आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये निरीक्षकांनी वंश आणि प्रोबेशन या विषयावर वेगळा अहवाल काढला. खासगीकरणानंतर वांशिक अल्पसंख्याकांच्या गरजांकडे दुर्लक्ष झालं, त्यांच्यासाठी वेगळं काम करणाऱ्या सेवा बऱ्याच ठिकाणी बंद पडल्या, असं त्यात नोंदवलं आहे. यात कुणाचा द्वेष असायलाच हवा असं नाही. ज्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं, ज्याच्या अम्मीला आधी विश्वासात घ्यावं लागतं, ज्याच्या घरी ‘जेल काटके आया’ म्हणून बहिणीचं लग्न अडलं आहे, त्याच्यावर वेळ जास्त जातो. वेळ म्हणजे पैसा, आणि या कामासाठी कंत्राटात रकाना नव्हता.

आता कॅलिफोर्निया. तिथलं दुखणं निराळं होतं. प्रोबेशन चालवते काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मोठे तुरुंग चालवतं राज्य सरकार. प्रोबेशनवरचा माणूस सांभाळायचा तर खर्च काउंटीचा. तो चुकला म्हणून राज्याच्या तुरुंगात धाडला, की पुढचा सगळा खर्च राज्याचा. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात ‘ससूनला न्या’ अशी चिठ्ठी लिहून मिळते ना, तसाच प्रकार. चिठ्ठी लिहिणाऱ्याला काही पडत नाही. राज्याचे तुरुंग तर तेव्हा खचाखच भरले होते.

२००९मध्ये तिथे एक कायदा झाला. मार्क लेनो हे डेमोक्रॅट आणि जॉन बेनॉइट हे रिपब्लिकन, असे दोन पक्षांचे सिनेटर त्याच्या मागे होते. कायद्याचा गाभा साधा होता. २००६ ते २००८ या काळात प्रत्येक काउंटी प्रोबेशनवरचे किती जण राज्याच्या तुरुंगात पाठवत होती, ते बघायचं. त्याहून कमी पाठवले, तर राज्याचा जो खर्च वाचला त्यातला वाटा काउंटीच्या प्रोबेशन विभागाला द्यायचा. तो पैसा प्रोबेशनच्या कामावरच, आणि उपयोग सिद्ध झालेल्या पद्धतींवर खर्च करायचा. सुरुवातीला हात मोकळा असावा म्हणून केंद्राच्या मदतीतले साडेचार कोटी डॉलर आधीच वाटले. पहिल्याच वर्षी, २०१०मध्ये, तुरुंगात जाणाऱ्या प्रोबेशनरांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आलं. सहा हजारांहून जास्त माणसं आत गेली नाहीत. राज्याचे सुमारे १८ कोटी डॉलर वाचले, त्यातले जवळपास निम्मे काउंट्यांना मिळाले.

यात चलाखी करता येत नाही का? येते. पैशासाठी काउंटी कानाडोळा करेल, धोकादायक माणसालाही बाहेर ठेवेल, ही शंका तेव्हाही घेतली गेली. पण त्या वर्षी राज्यातली गुन्हेगारी वाढली नाही, घटलीच. आणि तारीख चुकली म्हणून तुरुंगात पाठवायचं नाही, हा कानाडोळा असेल तर तो हवाच होता. इंग्लंडमध्ये पैशाच्या रचनेत त्या गोष्टीला लगाम नव्हता. इथे ती काउंटीलाच महाग पडू लागली.

पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला थोडं छेद देतं, म्हणून तेही सांगून टाकतो. तिथे सुटलेल्या कैद्यांना काही महिने ठेवणारी खासगी वसतिगृहं आहेत. तिथून बाहेर पडणारे लोक थेट घरी गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत तुरुंगात येतात, असं राज्याच्याच अभ्यासात दिसलं. २०१३मध्ये तुरुंग विभागाचे सचिव जॉन वेट्झेल यांनी नवी कंत्राटं आणली: प्रमाण घटलं तर थोडी वाढीव रक्कम, लागोपाठ दोनदा वाढलं तर कंत्राट रद्द. पहिल्या वर्षी प्रमाण घटलं. म्हणजे खासगी संस्थेलाही निकालाचा धाक लागू पडू शकतो. पण तिथे मूळ खर्च दिला जात होता, निकालावरचा पैसा चिमूटभर होता, आणि संस्थेची माणसं त्या माणसाला रोज बघत होती. सहा आठवड्यांनी येणाऱ्या फोनसारखं ते नव्हतं.

मग आपल्याकडे काय? १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही नवी शिक्षा आली आहे. मोजक्याच गुन्ह्यांना ती देता येते. त्यातला आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल तर. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी केलेला धिंगाणा हाही त्यात आहे. माझ्या मते ही शिक्षा यायलाच हवी होती. तीनशे रुपयांच्या चप्पलजोडासाठी पोराला आर्थर रोडची हवा दाखवून कुणाचंच भलं झालेलं नाही. पण विनामोबदला काम करायचं एवढंच कायदा सांगतो. तो मुलगा कुठे काम करणार, त्याची हजेरी कोण घेणार, आजारी पडला तर काय, हे सगळं व्यवस्थेवर सोडलेलं आहे. आणि व्यवस्थेकडे माणसं नसली की टेंडर निघतं, हा आपला अनुभव आहे. निकालावर पैसे देण्याची भाषाही महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर आरोग्यसेवांसाठी ‘सोशल इम्पॅक्ट बाँड’चा करार केला. आज दवाखाने आहेत. उद्या परिवीक्षा असू शकते. हा माझा अंदाज आहे, पण तसं टेंडर निघालंच तर त्यातला मोजणीचा रकाना आपण आधी वाचायला हवा.

खरं तर नवी शिक्षा यायच्या आधीपासून आपल्याकडे कायदा आहे. मुंबई प्रांताने १९३८मध्येच परिवीक्षेचा कायदा केला होता. देशाचा कायदा १९५८चा. त्याच्या कलम ६नुसार २१ वर्षांखालच्या आरोपीवर गुन्हा सिद्ध झाला आणि त्या गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर न्यायालयाने शक्यतो त्याला तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचं तर कारणं लिहायची, आणि आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. अशा मुलाला गरजेप्रमाणे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हे त्या अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून कायद्यातच लिहिलं आहे. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? मी हा प्रश्न अभ्यासवर्गांत विचारतो तेव्हा कायदा शिकणारी मुलं सोडली तर हात वर होत नाहीत.

शिवाय आपल्याकडची अडचण शिक्षेच्याही आधीची आहे. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. त्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नाही. ‘पुन्हा गुन्हा केला का’ हे त्यांच्या बाबतीत मोजायचं कसं? पहिलाच सिद्ध व्हायचा आहे.

आमच्या ओळखीतला एक मुलगा मोबाइलचोरीच्या आरोपात दीड वर्ष आत होता. जामीन आधीच मंजूर झाला होता. जामीनदार मिळत नव्हता. बाहेर आल्यावर त्याला सल्ला नको होता. त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि आधार कार्ड अटकेच्या वेळी जप्त झालं होतं आणि मुद्देमालात पडून होतं. ते सोडवायला अर्ज, वकील, तारीख. लायसन्स नाही म्हणून टेम्पो नाही, टेम्पो नाही म्हणून भाडं नाही. सात महिने गेले. या सात महिन्यांत तो कुठल्याही भानगडीत पडला नाही, याचं श्रेय कुठलीही संस्था घेऊ शकत नाही. तो पडला असता, तर मात्र कुठल्याही तक्त्यात ‘अपयश’ म्हणून त्याचंच नाव लागलं असतं. मुद्देमालाच्या खोलीचं नाही.

निकाल मोजायचेच असतील तर माझी यादी इथून सुरू होते. जामीन मंजूर झाल्यापासून माणूस प्रत्यक्ष बाहेर यायला किती दिवस लागले? जप्त कागदपत्रं किती दिवसांत परत मिळाली? कलम ६खाली मागवायचे अहवाल किती वेळा मागवले, आणि किती वेळेत आले? हे सगळं सरकारी यंत्रणेच्या वागण्याचं मोजमाप आहे. यावर पैसा बांधा, बढत्या बांधा. कॅलिफोर्नियाच्या काउंटीला जसा तिच्या चिठ्ठीचा खर्च दिसू लागला, तसा आपल्या कार्यालयांनाही दिसू द्या.

एक बोट आपल्याकडेही वळवतो. रमजानमध्ये जकातीच्या पैशातून गरीब कैद्यांचे दंड आणि जामीन भरण्याचं काम काही ठिकाणी चालतं. बंदिवानांची सुटका हा जकातीचा एक मान्य खर्च आहे, आणि हे काम मोलाचं आहे. पण ईदनंतर वाटल्या जाणाऱ्या पत्रकात काय असतं? ‘या वर्षी इतक्या भावांची सुटका’. देणाऱ्याला तो आकडा आवडतो, म्हणून दुसऱ्या वर्षी तो आणखी मोठा करायचा असतो, आणि मग किरकोळ दंडाची सोपी प्रकरणं आधी उचलली जातात. मोठ्या जामिनाचा, दोन जिल्ह्यांत केसेस असलेला, घरच्यांनी टाकलेला माणूस मागे राहतो. इंग्लंडच्या कंपन्यांनी केलं त्याहून हे फार वेगळं नाही, फक्त इथे नफा कुणी खात नाही. ज्यांच्या जमातीत असं काम चालतं त्यांनी पुढच्या रमजानच्या पत्रकात सुटलेल्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापावा: गेल्या वर्षी सुटलेल्यांपैकी किती जणांना आम्ही सहा महिन्यांनी पुन्हा भेटलो. पहिल्या वर्षी तो लाजिरवाणा निघेल. निघू दे.

कॉलेजात शिकणाऱ्या वाचकांसाठी एक ठोस काम आहे. आपल्या जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती. गेल्या तीन वर्षांत न्यायालयांनी २१ वर्षांखालच्या आरोपींबाबत किती अहवाल मागवले, किती दिले. किती जणांना परिवीक्षेवर सोडलं. आणि सामुदायिक सेवेची शिक्षा झालेल्यांची देखरेख कुणाकडे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे येतं, म्हणून अर्ज जिल्ह्याच्या त्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. उत्तरं आली की आम्हाला पाठवा, कागद कोरा आला तरी पाठवा. जिल्हावार तक्ता करून आम्ही तो दोन्ही भाषांत छापू.